आनुवंशिकता आणि उत्तरदायित्व

मनुष्याच्या दुर्दशेचे कारण त्याच्या जन्मात शोधणे ही समाजाची फार जुनी आणि फार सोयीची सवय आहे. रोग्याचे घराणे पाहून, दरिद्र्याची जात पाहून आणि मागे राहिलेल्या जमातीचे रक्त पाहून जो निवाडा दिला जातो, त्यात निवाडा देणाऱ्याच्या अंगावर काहीच येत नाही. कारण जन्मावर कोणाचा इलाज चालत नाही, आणि ज्यावर इलाज चालत नाही त्याचा जाब कोणाला विचारता येत नाही. पूर्वी हे काम पूर्वसंचिताच्या कल्पनेकडे होते. आता जनुकांची विद्या घरोघर बोलली जाऊ लागल्यापासून तेच काम जनुकांच्या नावावर चालू झाले आहे, आणि शास्त्राचा शिक्का बसल्यामुळे या निवाड्याला पूर्वी नसलेले वजन प्राप्त झाले आहे. परंतु शास्त्राची साक्ष शांतपणे, अथपासून इतिपर्यंत वाचली, तर ती या सवयीच्या विरुद्ध जाते असे मला दिसते. हे सिद्ध करण्यासाठी सह्याद्रीच्या माथ्यावरील एक तालुका आणि मानवी पेशींची वाढ आवरणारे एक जनुक, या दोहोंचा विचार एकत्र करावा असे मी योजिले आहे.

तो तालुका म्हणजे कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा. १८६२ पासून १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबईच्या अमलाखाली होता. गोवा आणि बेळगाव या दोहोंच्या हद्दी जोयड्यास भिडलेल्या आहेत, आणि येथील रानात राहणाऱ्या कुणबी, मराठा, गवळी व सिद्दी यांच्या तोंडी कोकणी आणि मराठी सहज नांदते. काळी नदी याच तालुक्यातील डिग्गीजवळ उगम पावते. गणेशगुडी येथे त्या नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले, तेव्हा तालुक्याचे जुने ठाणे जे सुपे ते जलाशयाखाली गेले, कचेऱ्या जोयड्यास आल्या आणि उठवलेल्या कुटुंबांपैकी अनेकांची वसाहत रामनगरास झाली. अणशीचे अरण्य १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ मध्ये दांडेलीसह व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१५ मध्ये त्या प्रकल्पास काळी नदीचेच नाव मिळाले. नदीच्या खालच्या अंगास, शेजारच्या कारवार तालुक्यात, कैगा येथे प्रत्येकी २२० मेगावॉट क्षमतेच्या चार अणुभट्ट्या आहेत. सारांश, वीज, पाणी आणि वनसंपदा या तिन्ही रूपांनी या खोऱ्याने राष्ट्रास भरभरून दिले आहे. त्याच्या मोबदल्यात राष्ट्राने येथील मनुष्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर सिद्दींच्या वाट्यास आले. आफ्रिकेतून, मुख्यतः पोर्तुगीजांच्या गुलामांच्या व्यापारातून, यांचे पूर्वज या किनाऱ्यावर आणले गेले आणि पुढे जोयडा, हल्याळ, यल्लापूर, अंकोला या भागांतील अरण्यांत स्थिरावले. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी इतरांच्या सहकार्याने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लक्षावधी जनुकीय खुणांची छाननी करून असे दाखविले, की सिद्दींच्या वंशात सहाराच्या दक्षिणेकडील बांटूभाषक लोकांचा वारसा आहे, भारतीय शेजाऱ्यांचा आहे आणि कदाचित युरोपीयांचाही आहे. भारतीयांशी त्यांचा संकर गेल्या आठ पिढ्यांत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षांत, घडला असावा. हा अभ्यास केवळ इतिहासाची एक हरवलेली नोंद पूर्ववत करतो. अमुक जमात अमुक कामासाठी जन्मली आहे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही, आणि अशा अभ्यासातून ते निघूही शकत नाही.

तथापि या अभ्यासाच्या पुष्कळ आधी, १९८७ मध्ये, सरकारने नेमके तेच गृहीत धरून एक योजना आखली होती. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या विशेष क्षेत्र क्रीडा योजनेखाली सिद्दी मुलामुलींना रानातून निवडून क्रीडा केंद्रांत ठेवण्यात आले. आफ्रिकी वंशामुळे त्यांच्या देहात धावण्याची व उडी घेण्याची उपजत शक्ती असणार आणि ती देशाला पदके मिळवून देणार, असा त्यामागील हिशेब होता. काही मुलांनी खरोखरच नाव काढले. परंतु काही वर्षांतच सिद्दींपुरती ती योजना गुंडाळली गेली आणि बहुतेक मुले ज्या परिस्थितीतून आली होती त्याच परिस्थितीत परतली. त्या मुलांना मैदान मिळाले याचा विषाद कोणी मानणार नाही. विषाद याचा, की त्यांच्या रक्ताकडून पदकांची अपेक्षा करणाऱ्या राज्याने त्यांच्या गावाच्या शाळेचा, दवाखान्याचा आणि जमिनीच्या हक्काचा विचार त्याच तत्परतेने केला नाही, आणि अनुसूचित जमातीचा दाखला त्यांना २००३ पर्यंत मिळाला नाही. आफ्रिकेतूनच गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबराने निजामशाहीची वजिरी केली, १६१० मध्ये खडकी शहर वसविले आणि जमिनीची प्रत बघून सारा ठरविण्याची जी जमाबंदी बसविली, तिचे नाव महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात आजही घेतले जाते. त्याच्या कर्तृत्वाचे मोजमाप त्याच्या मांड्यांच्या बळावरून कोणी केले नाही. संधी मिळाली तेथे वंश आड आला नाही. संधी नाकारली गेली तेथे मात्र वंशाचे कारण पुढे करण्यात आले.

आता त्या जनुकाकडे वळू. मनुष्याच्या सतराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर टीपी ५३ नावाचे जनुक आहे, आणि त्याच्या आज्ञेवरून ३९३ अमिनो आम्लांचे पी ५३ हे प्रथिन पेशीत तयार होते. स्वस्थ पेशीत ते सतत निर्माण होते आणि एमडीएम २ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या द्वारे सततच नष्ट केले जाते, त्यामुळे त्याचा साठा अल्प राहतो. परंतु किरणोत्साराने, विषारी द्रव्याने किंवा अन्य आघाताने डीएनएचा धागा तुटला, की हे नष्ट करणे थांबते, पी ५३ चा साठा वाढतो आणि ते इतर अनेक जनुकांना कामास लावते. जंगलवाटेवरील नाक्यावर लाकडाच्या प्रत्येक गाडीचा परवाना तपासल्यावाचून तिला पुढे सोडीत नाहीत, त्याप्रमाणे विभाजनास निघालेली पेशी येथे अडविली जाते. दुरुस्ती शक्य असेल तर तिला अवधी मिळतो, आणि बिघाड दुरुस्तीपलीकडचा असेल तर ती कायमची निष्क्रिय केली जाते अथवा तिला स्वतःचा अंत करावा लागतो. या प्रथिनाचे चार रेणू एकत्र आले म्हणजेच ते काम करते, त्यामुळे चारांत एखादा सदोष निघाला तर उरलेल्या तिघांचेही सामर्थ्य पांगळे होऊ शकते. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत या एका जनुकात बिघाड आढळतो, यावरून त्याच्या पहाऱ्याचे महत्त्व ध्यानात यावे.

या जनुकाच्या शोधाचा इतिहास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. १९७९ मध्ये इंग्लंड, अमेरिका आदी देशांतील अनेक प्रयोगशाळांना हे प्रथिन स्वतंत्रपणे सापडले, आणि अर्बुदांच्या पेशींत ते भरपूर आढळते यावरून ते कर्करोग उत्पन्न करणारे असावे असा समज रूढ झाला. पुढील दहा वर्षे तो समज बहुतांशी टिकून राहिला, कारण प्रयोगांत वापरल्या गेलेल्या जनुकाच्या प्रती अर्बुदांतून घेतलेल्या, म्हणजे आधीच बिघडलेल्या होत्या. १९८९ च्या सुमारास अमेरिकेतील बर्ट व्होगेलस्टाइन, आर्नोल्ड लेव्हिन आदी संशोधकांच्या कार्याने उलगडा झाला, की मूळ निर्दोष प्रत कर्करोगाला आवर घालते; ज्याला दहा वर्षे अपराधी मानले तो पहारेकरी होता, आणि जे पाहून त्याला दोषी ठरविले ती त्याची विकृत अवस्था होती. बिघडलेला नमुना हाती घेऊन त्यावरून मूळ प्रकृतीचा निर्णय करणे, हा त्या दशकाचा प्रमाद होता. अरण्यात उपेक्षित ठेवलेल्या, शिक्षणापासून दूर ठेवलेल्या, धरणासाठी उठवलेल्या लोकांची आजची स्थिती पाहून त्यांची जन्मजात योग्यता ठरविणारे राज्यकर्ते व सुशिक्षित नेमका हाच प्रमाद करतात. फरक इतकाच, की प्रयोगशाळेने आपला निर्णय दहा वर्षांत फिरविला, आणि समाजाने आपला निर्णय शतकानुशतके फिरविलेला नाही.

हे जनुक बिघडते कसे, हे पाहिले म्हणजे या विचारास आणखी बळकटी येते. कर्करोगात आढळणारे त्याचे बहुसंख्य बिघाड जन्मतः आलेले नसतात. ते आयुष्याच्या ओघात, एखाद्या अवयवाच्या एखाद्या पेशीत घडतात. १९९१ मध्ये दोन स्वतंत्र संशोधनांत असे आढळले, की चीनच्या किदोंग भागातील आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातील यकृत-कर्करोगाच्या रुग्णांत या जनुकाच्या २४९ व्या स्थानी एकच विशिष्ट बदल पुनःपुन्हा दिसतो. हे दोन्ही मानवसमूह वंशाने परस्परांपासून शक्य तितके दूर. त्यांच्यात समान होते ते ओलसर हवेत साठवलेल्या धान्यावर व शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष, आणि त्याच्या जोडीला काविळीचा ब विषाणू. विषाने दोन भिन्न वंशांच्या देहांत एकाच अक्षरावर एकच खूण उमटविली. तंबाखूच्या धुरातील बेन्झोपायरीन हे द्रव्य याच जनुकाच्या ठरावीक स्थानांवर जाऊन चिकटते आणि फुप्फुसाच्या कर्करोगातील बिघाडही त्याच स्थानांवर दाट आढळतात, हे १९९६ मध्ये दाखविले गेले. म्हणजे जनुकाची बारकाईने केलेली चौकशी आपल्याला धान्याच्या कोठारापर्यंत, बाजारापर्यंत आणि कारखान्याच्या दारापर्यंत घेऊन जाते.

याहूनही अर्थपूर्ण एक उदाहरण आहे. १९५१ मध्ये अमेरिकेच्या बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून, तिची अनुमती न घेता, काही पेशी काढण्यात आल्या. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या अखंड वाढत राहिल्या आणि हेला या नावाने जगभर गेल्या. या पेशींतील टीपी ५३ जनुक मूळचे निर्दोष आहे. परंतु त्यांत शिरलेल्या पॅपिलोमा विषाणूचे ई ६ हे प्रथिन पी ५३ ला धरून नष्ट करविते, हे १९९० मध्ये उघड झाले. जनुक शाबूत, आज्ञा शाबूत, प्रथिनही यथासांग निर्माण होत असलेले. आणि तरीही बाहेरून आलेला विषाणू त्याला जगू देत नाही. अशा स्त्रीच्या रोगाचे कारण तिच्या वंशात शोधणारा मनुष्य किती व्यर्थ श्रम करील! याच जॉर्ज गाय यांच्याकडे पेशीसंवर्धनाचे शिक्षण घेऊन पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे मुंबईस परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभारली. पेशीच्या अंतरंगाचा ध्यास घेतलेल्या या विदुषीने उत्तरायुष्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या अकोले भागातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. पेशी समजून घेण्याची विद्या आणि रानातल्या मुलाच्या ताटात काय आहे हे पाहण्याची आस्था या एकाच जिज्ञासेच्या दोन पायऱ्या आहेत, हे त्यांनी आपल्या जीवनक्रमाने दाखविले.

येथे दोन आक्षेपांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. पहिला असा, की काही घराण्यांत हे जनुक जन्मतःच सदोष असते. हे सत्य आहे. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी १९६९ मध्ये अशी कुटुंबे वर्णिली, ज्यांत लहान वयातच निरनिराळे कर्करोग उद्भवत होते, आणि १९९० मध्ये त्यांचा संबंध टीपी ५३ शी जुळला. दक्षिण ब्राझीलमध्ये या जनुकाच्या ३३७ व्या स्थानाचा एक बदल सुमारे तीनशे मुलांमागे एकात आढळतो आणि तो एका समान पूर्वजापासून आलेला आहे. परंतु अशी कुटुंबे एकंदरीत विरळा, आणि त्यांच्याबाबतीतही योग्य निष्कर्ष हाच, की त्यांच्यावर नियमित देखरेख ठेवून रोग लवकर हुडकणे हे समाजाचे कर्तव्य ठरते. जन्मजात दोषाचे ज्ञान जेथे आहे तेथे जबाबदारी वाढते. दुसरा आक्षेप असा, की पुष्कळ बिघाड पेशी विभागताना होणाऱ्या निव्वळ योगायोगाच्या चुकांनी घडतात. तेही मान्य करावे लागते; कोणताही राज्यकारभार मृत्यूला हद्दपार करू शकत नाही. तथापि योगायोगाचा वाटा काढून उरणारा जो वाटा मानवी हातात आहे, तो टाळण्याची सबब म्हणून योगायोग पुढे करता येणार नाही.

जन्माचा दोष नाकारला, की पुष्कळ लोक दुसऱ्या सोयीच्या ठिकाणी जाऊन उभे राहतात आणि म्हणतात की दोष सवयीचा, म्हणजे पुन्हा त्या मनुष्याचाच. भारतात तोंडाच्या कर्करोगाचे जे भीषण प्रमाण आहे त्याबाबत हे फार ऐकू येते. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, आणि तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्येच मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध करून पान-तंबाखूच्या सवयींकडे लक्ष वेधले होते. कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकविज्ञान संस्था आणि नवी मुंबईतील टाटा स्मारकाचे संशोधन केंद्र यांनी २०१३ मध्ये हिरड्या व गालांच्या कर्करोगाचा जो जनुकीय नकाशा मांडला, त्यातही वारंवार बिघडलेल्या जनुकांत टीपी ५३ ठळक होते. या दोन कार्यांत जवळजवळ सत्तर वर्षांचे अंतर आहे. त्या अवधीत तंबाखूची पुडी कमी होण्याऐवजी स्वस्त, आकर्षक आणि गुटख्याच्या रूपाने सर्वत्र सुलभ झाली. गोव्याने २००५ च्या सुमारास, महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटख्यास बंदी केली, तोवर एक पिढी त्याच्या आहारी गेली होती. दूरच्या वाडीवर जेथे दवाखाना पोचला नाही, पक्की वाट पोचली नाही, तेथे ती पुडी मात्र पोचली, आणि ती पोचविणारी साखळी कोणाच्या तरी परवान्यावर व कोणाच्या तरी नफ्यावर चालली होती. मजुरीच्या श्रमाने थकलेला मनुष्य भूक मारण्यासाठी तंबाखू तोंडात धरतो, तेव्हा त्याच्या हातून घडलेल्या चुकीत इतरांचा भाग केवढा, हे विचारल्यावाचून केलेला उपदेश अपुरा आहे आणि निष्ठुरही आहे.

राज्याने व समाजाने मनावर घेतले तर काय घडते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही चालविली, आणि १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांत, टाटा स्मारक व आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साह्याने, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पॅपिलोमा विषाणूची एकच चाचणी आणि आवश्यक तो उपचार यांमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या गावांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवले होते त्यांच्याविषयी पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते विसरता कामा नयेत. जे ज्ञान त्या स्त्रियांच्या खर्चाने मिळाले ते अमलात न आणणे हा तर त्याहून मोठा अन्याय होईल. जो विषाणू पी ५३ चा पहारा मोडून काढतो, त्याला एका साध्या चाचणीने गाठता येते. त्याच्यावरील लसही आता पुण्याच्या सीरम संस्थेत तयार होते. विदर्भातील, मराठवाड्यातील वा जोयड्यातील स्त्रीच्या जनुकात यासाठी काहीही पालटावे लागत नाही. पालटावी लागते ती प्राथमिक आरोग्य केंद्राची व्यवस्था.

कैग्याच्या प्रश्नासही हीच कसोटी लागू आहे. शिवराम कारंत यांच्यासारख्या थोर साहित्यिकाने या प्रकल्पास विरोध केला आणि १९८९ मध्ये पर्यावरणाच्या प्रश्नावर याच भागातून लोकसभेची निवडणूक लढविली. तेव्हापासून खोऱ्यातील लोकांच्या मनात कर्करोगाची भीती आहे, आणि प्रत्येक वेळी तिला आश्वासनाने उत्तर दिले जाते. किरणोत्सार डीएनएचा धागा तोडतो हे सत्य आहे, आणि एखाद्या गावात आढळलेला कर्करोग त्याचमुळे झाला हे एकेका रुग्णाकडे पाहून ठरविता येत नाही हेही सत्य आहे. भीतीने प्रश्न सुटत नाही, आणि आश्वासनानेही नाही. गावोगावच्या रुग्णांची काळजीपूर्वक ठेवलेली, दशकानुदशके चालणारी आणि लोकांच्या भाषेत लोकांपुढे उघडी असलेली नोंद हाच त्यावरील न्याय्य मार्ग आहे. ज्या खोऱ्याकडून राष्ट्राने वीज घेतली त्याला आपल्या आरोग्याचा हिशेब मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.

म्हणून चौकशीचा क्रम बदलला पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. रोग वा दैन्य दिसताच आधी जन्माला उभे करण्याची रीत सोडून, अन्न, पाणी, तंबाखू, विषाणू, श्रम आणि उपचाराचे अंतर यांची उलटतपासणी प्रथम झाली पाहिजे. तेथे उत्तर मिळाले नाही तरच आनुवंशिकतेकडे वळावे, आणि तेथे ते मिळाले तर त्या कुटुंबाच्या पाठीशी अधिक बळाने उभे राहावे. जिल्ह्यात सुसज्ज रुग्णालय असावे ही उत्तर कन्नडच्या लोकांची अनेक वर्षांची मागणी आहे. आज जोयड्याच्या रुग्णास गंभीर व्याधीसाठी हुबळी, बेळगाव किंवा गोव्याची वाट धरावी लागते. ते रुग्णालय, वाडीवाडीवर जाणारी मुखाची व गर्भाशयमुखाची तपासणी, मुलींना लस आणि उघडी नोंदवही, या चार गोष्टी येथे उभ्या करणे आजच्या ज्ञानाच्या व द्रव्याच्या आवाक्यात आहे. ज्याने सिद्दी मुलांच्या देहांत राष्ट्राची पदके पाहिली त्या राज्यास त्यांच्या आईबापांच्या देहांतील व्याधीही दिसली पाहिजे. आणि ती दिसल्यावर या लोकांचे नशीबच असे असा शेरा मारून कागद दप्तरी दाखल करण्याचा अधिकार, शास्त्राने आपली साक्ष इतक्या स्पष्टपणे नोंदविल्यानंतर, कोणत्याही कचेरीस उरलेला नाही.